मी न लिहिलेलं अक्षर

परवा सूनबाईने तापीच्या पुलापलीकडून पोंक आणला. थंडी पडली की तिथे गाड्या लागतात. कोवळ्या ज्वारीची कणसं भट्टीत भाजायची, कापडात गुंडाळून झोडायची आणि हिरवे दाणे वजनावर विकायचे. सोबत लिंबू-मिरीची शेव. आम्ही खानदेशी माणसं याला हुरडा म्हणतो आणि शेतात आगटीभोवती बसून, तळहातावर चोळून, फुंकर मारून खातो. सुरतेत निम्म्याहून जास्त जन्म गेला, तरी वजनावरचा हुरडा मला अजून परकाच वाटतो. दात गेलेत म्हणून सून दाणे ठेचून देते. मी बशी पुढे घेतली आणि तशीच ठेवली. ती म्हणाली, बाबा, दरवर्षी मागता आणि दरवर्षी ठेवून देता.

खरं आहे तिचं. सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात असाच एक पुडा घेऊन मी हिलालनानाच्या खोलीवर जायचो. तो चार दाणे तोंडात टाकायचा, तेही माझं मन राखायला, आणि बाकीचे मुठीत धरून बसायचा. तासाभराने त्याचं लक्ष जाई तेव्हा मुठीत दाण्यांचा चिखल झालेला असे. दुखण्याच्या कळा यायच्या, त्या त्याने मुठीत सोसलेल्या असायच्या.

नाना माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमच्या अहिराणीत थोरल्यालाही ‘तू’ म्हणतात, म्हणून इथेही मी त्याला ‘तो’च म्हणणार आहे. आम्ही दोघे एकाच पलटणीत होतो. तो नर्सिंग असिस्टंट, खांद्याला औषधांची झोळी. पलटणीत त्याला सगळे ‘डाक्टर’ म्हणत. मी बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचो. लोकांना हे ठाऊक नसतं, पण लढाई लागली की बँडवाले वाद्यं ठेवून स्ट्रेचर उचलतात. आमची तशी कवायतच असते. एकाहत्तरच्या डिसेंबरात मी आणि नाना असे एकत्र आलो. नानाला त्या लढाईत शौर्यपदक मिळालं. पुढे दोघेही सुरतेला पोटामागे आलो. तिथल्या उधन्याला मी एका लूमच्या खात्यावर, म्हणजे कारखान्यात, फाटकावर राखणीला बसलो, आणि नाना तिथल्याच एका दवाखान्यात मलमपट्टी करू लागला.

त्याच्या शौर्याची गोष्ट उधन्यात मीच पसरवली. गणपतीत, चहाच्या टपरीवर, पाळी सुटल्यावर फाटकाशी. नाना कधीच सांगत नसे, म्हणून लोक मला विचारत. सांगता सांगता माझाही मान वाढला. “हे त्या लढाईत नानासोबत होते,” असं म्हणून लोक मला खुर्ची द्यायचे. मी खुर्चीवर बसायचो. त्या गोष्टीतली एक जागा मी प्रत्येक वेळी गाळली. आता ऐंशीच्या घरात पोचलो आहे. ती जागा इथे भरायची आहे.

आधी शौर्य सांगतो, कारण ते खरं आहे आणि त्यातला एक शब्दही मागे घ्यायचा नाही.

पश्चिमेच्या आघाडीवर एका कालव्याचा उंच बांध होता. पलीकडे सरकंड्याचं गवत आणि ओलं शेत. पहाटे धुक्यात आमची एक कंपनी बांध ओलांडून गेली. धुकं इतकं, की शेजारच्याचं फक्त खोकणं कळायचं. नऊच्या सुमाराला ऊन आलं आणि धुकं चादर ओढून घ्यावी तसं उठलं. आमची माणसं उघड्या शेतात आणि समोर त्यांची मशिनगन. पाच मिनिटांत शेतातून हाका यायला लागल्या. कुणी आईला, कुणी डाक्टरला.

नाना बांधावरून पोटावर घसरत गेला. त्याच्याकडे बंदूक नव्हती. झोळी पुढे ढकलायची, मग अंग पुढे ओढायचं. पहिल्याला त्याने पट्ट्याला धरून ओढत आणलं. दुसऱ्याला पाठीवर. तिसऱ्याच्या मांडीतून रक्ताची चिळकांडी उडत होती. तिथेच गोळ्यांखाली आडवं पडून त्याने मांडी आवळली, आणि आवळून झाल्यावर त्याच्या कपाळावर वेळ लिहिली. हे मी बांधावरून पाहिलं. चिखलात, त्या माऱ्यात, तो घड्याळ बघत होता. चौथ्या खेपेला त्याच्या खांद्यात गोळी गेली. परत आला तेव्हा डावा हात लोंबत होता. मी म्हटलं, नाना, आता बस. त्याने माझ्याकडून पट्टी बांधून घेतली आणि म्हणाला, “उजवा से ना अजून.” आणखी तीन खेपा केल्या. सात माणसं आणली. सातवा दौलत.

दौलत साताऱ्याकडचा, बावीस-तेवीस वर्षांचा. संचलनात माझा ड्रम एकदा चुकला होता, तेव्हापासून मला ‘ओ तालाचे देव’ म्हणायचा. त्याच्या गुडघ्याखाली हाडाचा चुरा झाला होता, आणि तो ओरडत नव्हता, नुसता दात वाजवत होता. नानाने त्याला मॉर्फियाची सुई दिली. मॉर्फिया दिलेल्या माणसाच्या कपाळावर इंग्रजी एम आणि वेळ लिहायची, हा नियम. कारण जखमी एका हातातून दुसऱ्या हातात जातो. मागे डॉक्टर असतो, त्याला कळायला हवं की सुई दिलेली आहे. थंडीत, रक्त गेलेल्या अंगात, मॉर्फिया लगेच भिनत नाही. माणूस विव्हळतच राहतो. बघणाऱ्याला वाटतं, याला काही दिलेलंच नाही.

एरवी नाना स्वतः लिहायचा. त्या वेळी त्याला एकच हात होता आणि शेतातून अजून एक हाक येत होती. त्याने तोंडातली जांभळी पेन्सिल माझ्या हातात दिली. ती ओली करून लिहायची असते. तो म्हणाला, “सुका, एम लिख. टाइम लिख. नऊ पंचावन्न. मी जास.” आणि बांधावरून घसरला. तो आठवा माणूस त्याच्या हाताला लागला तेव्हा गेलेला होता.

मी पेन्सिल जिभेला लावली. तेवढ्यात बांधावर तोफगोळा पडला. मी दौलतच्या शेजारी चिखलात तोंड खुपसून पडलो. किती वेळ, सांगता येत नाही. उठलो तेव्हा माझा जोडीदार ओरडत होता, उचल, उचल. आम्ही स्ट्रेचर उचललं आणि पळालो. कपाळ माझ्यासमोर होतं, मी डोक्याच्या बाजूला होतो. मागे पोचलो की लिहू, असं मनात म्हटलं. पोचलो आणि पाण्याच्या पिंपाकडे धावलो. मी पाणी पीत होतो, तेवढ्या वेळात डॉक्टरने कोरं कपाळ पाहिलं, विव्हळणं ऐकलं आणि दुसरी सुई दिली. मग त्याला कांबळ्यात गुंडाळलं, शेजारी शेगडी ठेवली. अंग गरम झालं तसे दोन्ही डोस एकदम भिनले. दुपारपर्यंत त्याचा श्वास एकेक करून लांबत गेला. नंतरचा आलाच नाही.

नानाला त्याच दुपारी स्ट्रेचरवरून मागे आणलं. डॉक्टरने विचारलं, लिखा क्यों नहीं? नाना माझ्याकडे वळला. रागाने नाही. नुसतं विचारलं, “लिखं व्हतं ना, सुका?”

मी म्हणालो, “नाना, तू मले सांगंच नही.”

तो आठवत होता. मी पाहत होतो त्याला आठवताना. खांद्यात गोळी, अंगात ताप, सकाळपासूनची सात माणसं. त्या सगळ्यात तो माझ्या हातात दिलेली पेन्सिल शोधत होता आणि त्याला ती सापडत नव्हती. शेवटी म्हणाला, “मग मनीच चूक.” म्हणजे माझीच चूक. पेन्सिल तेव्हा माझ्या खिशात होती.

डॉक्टर भला माणूस होता. लढाईत असं होतं म्हणाला, आणि कागदावर ‘जखमांमुळे मृत्यू’ लिहिलं. नानाने साहेबांकडे जाऊन जबाब देतो म्हटलं, तर साहेबांनी त्यालाच रागावून परत पाठवलं. सात माणसं आणलेल्या जवानाची चूक कोण लिहून घेणार? पदकाच्या शिफारशीत सात जणांना वाचवलं असं आहे. नाना म्हणायचा, सहा. पदक हातात पडलं त्या दिवशीही म्हणाला, सहा.

पुढच्या वर्षी तो दौलतच्या गावी गेला. हे त्याने मला सांगितलं ते सुरतेत आल्यावर, पाणी मागावं इतक्या साधेपणाने. दौलतच्या आईला त्याने सांगितलं, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. तिने आधी त्याला जेवायला वाढलं. हात धुवायला पाणी दिलं. मग म्हणाली, पुन्हा या दारात येऊ नको. जे त्याने केलं नव्हतं ते कबूल करायला तो तीनशे मैल गेला. जे मी केलं होतं ते सांगायला मला खात्याच्या फाटकापासून त्याच्या दवाखान्यापर्यंत रस्ता ओलांडायचा होता.

नोकरीची वर्षं वाढवून मिळत असताना त्याने लष्कर सोडलं. इस्पितळात चांगली जागा चालून आली होती, तिथेही गेला नाही, कारण तिथे सुया द्याव्या लागल्या असत्या. नाना त्यानंतर कुणाला सुई टोचत नसे. उधन्यासारख्या ठिकाणी, जिथे माणूस सर्दी झाली तरी ‘सुई मारा’ म्हणतो, तिथे सुई न देणारा कंपाउंडर. दवाखान्याचे गुजराती डॉक्टर त्याची चेष्टा करायचे, “हिलालभाई, लडाईमां गोळी खाधी ने सोयथी बीओ छो?” लढाईत गोळी खाल्ली आणि सुईला भिता? नाना हसायचा आणि गॉज कापत राहायचा. पगार त्याला अर्धा मिळे.

आणि लिहायचा. औषध दिलं की रोग्याच्या तळहातावर पेनने औषधाचं नाव आणि वेळ. लहान पोर असो की म्हातारी. लूमवरची पोरं बोटं कापून घेऊन यायची, मागाचा धोटा उडून भुवई फुटलेली यायची, आणि तळहात रंगवून परत जायची. एकजण म्हणाला, “नाना, दोन दिवस सुट्टी असं बी लिखी दे, शेठले दाखाडस.” सगळे हसले. नानाही हसला. मी त्या बाकावर बसलो होतो, मीही हसलो. त्या पोराच्या तळहातावर निळ्या शाईत वेळ लिहिलेली होती, आणि ती का लिहिलेली आहे हे सगळ्या उधन्यात नाना सोडला तर मला एकट्याला ठाऊक होतं.

ज्या वर्षी प्लेगच्या भीतीने सुरतेतली माणसं रेल्वेच्या डब्यांच्या दारांना लोंबकळत गावाकडे पळाली, त्या वर्षी आमचे डॉक्टरही कुलूप लावून गेले. नाना थांबला. पायरीवर बसून गोळ्या वाटायचा आणि हातांवर लिहायचा. मी बायकापोरांना घेऊन दोंडाईच्याची गाडी पकडली होती. परत आलो तर म्हणाला, आलास, बरं झालं, चहा प्यायला कोणी नव्हतं. माझ्या पळण्याबद्दल त्याने कधी काही विचारलं नाही. मला वाटतं, माणसाने पळणं त्याला समजत होतं. स्वतःचं विसरणं मात्र त्याने कधी माफ केलं नाही.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यानंतर त्याची पाठ दुखू लागली. दिवाळीत कळलं, कॅन्सर आहे आणि हाडांत उतरलाय. मोठ्या इस्पितळाने घरी पाठवलं. बायको आधीच गेलेली. लेक मंगल सासरहून येऊन राहिली होती. ती दिवसभर साड्यांना टिकल्या चिकटवायची, दारापाशी उजेडात, आणि मधूनमधून वळून बघायची. खोलीभर डिंकाचा वास आणि साड्यांचा झगमगाट. त्यात तो वाळलेला माणूस, तोंडात टॉवेलाचा बोळा.

इस्पितळातून मॉर्फियाची सोय झाली होती. एक दिवसाआड माणूस सुई घेऊन यायचा आणि नाना त्याला परत पाठवायचा. मंगल पाया पडली, रागावली, दोन दिवस जेवली नाही. नाना एकच म्हणायचा, ते औषध मला नको. तिला कारण ठाऊक नव्हतं. ती मला फाटकाशी येऊन म्हणाली, “काका, तुमचं ते ऐकतील. ते तुम्हाला भाऊ मानतात. एवढा दुखावो सोसून कुणाला दाखवायचंय त्यांना?” राग आला की तिच्या बोलण्यात असे गुजराती शब्द यायचे.

मी तिला पाठीवर हात ठेवून परत पाठवलं. पंधरा दिवस आणखी गेले. हे पंधरा दिवस मी मुद्दाम लिहितो आहे. त्या पंधरा दिवसांत रोज पोंकचा पुडा घेऊन गेलो, रोज त्याच्या मुठीकडे पाहिलं, आणि रोज नुसता परत आलो. चिखलात पडलो ती भीती काही मिनिटांची होती. तिला मी क्षमा मागू शकेन. या पंधरा दिवसांचं काय करू?

संक्रांत जवळ आली होती. रस्त्याकडेला मांजा रंगवणारे बसले होते, खांबांना गुलाबी दोरे ताणलेले. दुपारची वेळ. मंगल तयार साड्या द्यायला गेली होती. वरच्या पत्र्यांवर पतंगवाल्यांची धावपळ, आणि त्या प्रत्येक धपधपीबरोबर नानाची पाठ आखडत होती. कळ ओसरली, तशी मी त्याच्या कानाशी वाकून सांगितलं. सगळं. पेन्सिल, नऊ पंचावन्न, तोफगोळा, पाण्याचं पिंप. तू मला सांगितलं होतंस, मी लिहिलं नाही, आणि मग खोटं बोललो. तुझी चूक नव्हती नाना. कधीच नव्हती. आता तरी सुई घे.

तो डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं, आता मारेल, किंवा रडेल. मारलं असतं तर मी आयुष्यभर त्याचे उपकार मानले असते. त्याने डोळे उघडले. त्याच्या नजरेत इतकी माया होती, की काय झालंय ते मला तेव्हाच कळलं.

“मंगलनी सांगं ना तुले?” तो म्हणाला. मंगलने तुला हे शिकवून पाठवलं ना.

मी म्हटलं, नाही. मी शपथ घेतली. माझ्या मुलांची घेतली.

“पोरंसनी शप्पथ खाऊ नको रे.” त्याने माझ्या तोंडावर हात ठेवला. मग दम घेत घेत, थांबत थांबत म्हणाला, “सुका, असं पाहीसन कोणी सव्वीस वरीस गप ऱ्हास का? माणूस ऱ्हाऊ शकस का? तू तसा नही. मी वयखस ना तुले.” ओळखतो म्हणाला तो मला.

मी तसाच आहे, नाना. तसाच आहे. हे मी मोठ्याने म्हटलं, की नुसतं मनात, ते आता आठवत नाही. त्याला माझ्यासाठी वाईट वाटत होतं, की मी त्याच्यासाठी एवढं मोठं पाप अंगावर घ्यायला निघालो. इतकी वर्षं जे खोटं बोललो ते त्याने पहिल्याच दिवशी मानलं होतं, आणि खरं बोललो ते मानलं नाही. सुई त्याने घेतली नाही. त्यानंतर आठ दिवस जगला. ते आठ दिवस मी वर्णन करणार नाही. चाळीतल्या लोकांनी ऐकले आहेत.

लोक म्हणतात, उशिरा का होईना, खरं सांगावं, मन हलकं होतं. माझा अनुभव वेगळा आहे. खऱ्यालाही वेळ असते. ती टळली की तेच खरं तोंडातून निघतं, पण ऐकणाऱ्याला ते दयेसारखं ऐकू येतं, आणि सांगणारा कायमचा आत कोंडला जातो. मंगल आता कामरेजला असते, नातवंडांत रमलेली. हे छापून येण्याआधी तिला वाचून दाखवायला हवं. कामरेजची बस माझ्या घरासमोरून जाते. हे मागाहून जोडतो आहे: महिना झाला लिहून, अजून चढलो नाही. पण या वेळी छापायला आधी देऊन टाकलं आहे, म्हणजे माझ्या पायांवर काही अवलंबून राहणार नाही.

नानाचे दिवस झाले, त्या गंधमुक्तीला उधन्यातली सगळी माणसं आली होती. लूमवरची पोरं, डॉक्टर, आसपासच्या खोल्यांतल्या बायका. कुणीतरी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि कालव्याचा बांध, धुकं, सात खेपा, सगळं नेहमीसारखं सांगितलं. बायका पदराने डोळे पुसत होत्या. सात म्हणालो. सहा म्हणालो नाही.

मी खाली बसलो तेव्हा मंगल उठली. तिचा आवाज लहान होता. ती म्हणाली, शेवटच्या दिवशी बाबा मला सांगून गेले, ते त्यांच्याच शब्दांत सांगते. माझ्या मनावर एक मोठं ओझं होतं, ते सुकाने आपल्या डोक्यावर घ्यायला बघितलं. माझ्यासाठी तो इतकं मोठं खोटं बोलला. असं कुणी सख्खा भाऊही करत नाही. त्याला विसरू नको.

मग ती सगळ्यांच्या देखत माझ्यासमोर आली, वाकली, आणि माझ्या दोन्ही पायांवर डोकं ठेवलं.

मी पाय मागे घेतले नाहीत.